हौसाचा हेल

मारुंजी, रविवार, ११ ऑगस्ट २०२४

निरंजना,

बोलते मी, लिहिते शुभांगी. तुला एक बहीण आहे, विसरला असशील तर सांगते. महाळुंग्याहून दर रविवारी येते, सासूचं गाऱ्हाणं सांगते आणि जाताना माझ्या परसातली भाजी घेऊन जाते. तिला बजावलंय, माझ्या हाय ला आहे कर, न्हाई ला नाही कर, तुला जर्मनीत लाज वाटायला नको. पण माझा एक शब्द गाळलास तर तुझ्या सासूला फोन लावीन. ती हसते आहे. हेही लिही म्हटलं.

फोन का करत नाही म्हणशील. एकदा माझा आवाज तुझ्या मोबाईलात सापडला आणि चाळीस लोकांच्या तोंडी गेला. आता तुला माझा आवाज मिळायचा नाही. अक्षरं घे. मला ती येत नाहीत, म्हणून ती माझ्या बापाची मालमत्ता नाही, कशीही वापर.

तुझे अण्णा बरे आहेत.

शुभांगीनं पेन थांबवलं आणि माझ्याकडं बघत बसली. बरं, लिही. बरे नाहीत. माझ्या लेकाच्या, हैबतीच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यात तीनदा वाकडला दवाखान्यात नेतात आणि यंत्रावर रक्त धुऊन आणतात. आला की चार तास भिंतीकडं तोंड करून पडतो. पाय असे सुजलेत की चपला सोडून दिल्या. बासष्ट वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा म्हातारा दिसतो. परवा दवाखान्यातली नर्स मला त्याची बायको समजली. मी म्हटलं, बाई, तेवढं एकच करायचं राहिलंय त्याच्यासाठी.

तुझ्या कामाचं इथं कुणाला काय सांगावं कळत नाही. वरच्या दोन मजल्यांवर सगळी कंप्युटरची पोरं-पोरी भाड्यानं राहतात. त्यातली एक ओडिशाची विचारते, दादीजी, आपका पोता क्या करता है? मी सांगितलं, लोकांकडं पाठ करून उभा राहतो आणि हात हलवतो. गातात दुसरे, टाळ्या ह्याला. ती म्हणाली, अच्छा, मॅनेजर है.

पण मला माहीत आहे तू काय करतोस. सहा वर्षांचा होतास, भाताची लावणी चालली होती आणि तू बांधावर शेंबूड पुसत उभा. आम्ही बायका गाणं म्हणत होतो. तू गंगूबाईला म्हणालास, "गंगूआजी, तू जरा थांब. आधी माझ्या आजीचं संपू दे, मग तू तिच्या ओळीचं शेपूट धर." पन्नाशीची बाई, चिखलात वाकलेली, सरळ झाली आणि तुझं ऐकलं! त्या वावरात आता बावीस मजल्यांचा टॉवर आहे. पण त्या दिवशी गाणं एकदम उठलं होतं, हे मी विसरले नाही. सातवीत शाळेच्या समूहगीताला तू पाहुण्यांकडं पाठ करून उभा राहिलास. सरपंच म्हणाले पोराला रीत नाही. हैबती म्हणाला, "रीत तीच हाय, सरपंच. त्याला मास्तरानं तसं शिकवलंय." त्याला काय कळत होतं? काही नाही. पण आठ वर्षं तुला मोटारसायकलवर बावधनला एकनाथ मास्तरांकडं नेलं, आणि तू आत सूर लावत होतास तेव्हा तो दोन दोन तास बाहेर पुलाच्या कठड्यावर बसून राहिला. आत ये म्हटलं तर म्हणायचा, माझ्या पायाला शेण हाय.

पुढं तू नर्सा, बँकेतले कारकून, एक रिक्षावाला असे जमवून स्वतःचा वृंद काढलास, तेव्हा पहिल्या कार्यक्रमाच्या खुर्च्या कुणी लावल्या होत्या ते आठव.

ये. तो तुझं नाव काढत नाही. पण मोबाईल वाजला की डोळे उघडतो.

तुझी आजी साळूबाई

*

मारुंजी, रविवार, १ सप्टेंबर २०२४

निरंजना,

तुझं उत्तर शुभांगीच्या मोबाईलवर आलं. तिनं मला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं.

तू लिहितोस, "आजी खोटं रडत नाही. त्या दिवशी ती जे रडली ते खोटं होतं, एवढं तिनं सांगावं. मी दुसऱ्या दिवशी विमानात बसतो. ते खरं असेल तर मला त्या माणसाचं तोंड बघायचं नाही."

तोलून मापून लिहिलंयस. तुझी आई गेली तेव्हा मी काय म्हटलं, त्यावर तुझ्या बापाचा सगळा निकाल. बरं.

आपल्याकडं मयतावर बायका हेल काढून रडतात हे तुला सांगायला नको, त्याचं तू गाणं केलंस. पण रीत अर्धीच घेतलीस. रडताना बाई वाट्टेल ते बोलते. नवऱ्याला बोलते, दिराला बोलते, देवाचा उद्धार करते, मेलेल्यालासुद्धा सोडत नाही. कुणी उलट बोलायचं नसतं. आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की ते बोलणं तिथंच संपलं. त्यावरून भांडण काढायचं नाही, जाब विचारायचा नाही. विचारायला लागले तर पुढच्या मयताला कुठली बाई तोंड उघडेल?

मी ह्या कामात नावाजलेली. नेरे, जांबे, कासारसाई, कुठूनही बोलावणं यायचं. मी पदर तोंडाला लावला की बायकांनी माझ्या ओळीचं शेपूट धरायचं, पदर खाली घेतला की सोडायचं. तू काडीनं करतोस ते मी पदरानं केलं, आणि माझ्या वेळी टाळ्या नव्हत्या, कोरा चहा होता.

तर हौसा गेली, तुझी आई. सहा वर्षांपूर्वीची चैत्राची जत्रा, घरात साठ माणूस जेवायला, आणि तिचं पोट दुखत होतं. तीन दिवस दुखलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. आतडं फुटलं होतं म्हणाले. मी तिच्या उशाशी बसून हेल काढला आणि त्यात म्हटलं:

दारात उभी गाडी, माझी मैना पाणी पाणी झाली
हैबती रं, तुला चावी न्हाई घावली

बायकांनी शेपूट धरलं, चावी न्हाई घावली, चावी न्हाई घावली. तू ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून हातात मोबाईल घेऊन उभा होतास. मला वाटलं पुण्याच्या पाहुण्यांना कळवतोयस.

मग चार वर्षांनी, डिसेंबरात, तू पुण्याला कार्यक्रमाला बोलावलंस. दोन जीपा भरून गेलो. हैबती नवी टोपी घालून तिसऱ्या रांगेत. आधी चार बाया हळू गुणगुणल्या आणि गंगूबाईनं माझं कोपर धरलं, "साळे, ही तर तुझीच चाल गं!" मग खालून पुरुष उठले, मग सगळे. चाळीस अनोळखी माणसं, काळे कपडे, हातात वह्या, आणि माझ्या लेकाकडं तोंड करून "हैबती रं". तू पाठमोरा. नाव तरी बदलायचं होतंस, निरंजना. आमच्या मागची बाई म्हणाली, किती ऑथेंटिक आहे. शुभांगीला विचारलं ह्याचा अर्थ काय. तिनं सांगितला नाही.

हैबती शेवटपर्यंत बसला. टाळ्या वाजवल्या. बाहेर तुला भेटायला गेला तेव्हा तू काय म्हणालास? "आता कळलं का, अण्णा?" आणि तो काय म्हणाला? "गाणं चांगलं झालं."

त्या गाण्यावर तुला बक्षीस मिळालं, त्यावर तुला जर्मनीचा वृंद मिळाला. गोरी माणसं घावलीला गावली म्हणतात, शुभांगीनं मोबाईलवर ऐकवलं. तुझ्या नशिबाचं वाईट वाटत नाही मला. पण इथं टायरच्या दुकानातली पोरं हैबती दिसला की ती चाल शिट्टीवर वाजवतात. तो चावडीवरून जायचा बंद झाला, मग दुकानात जायचा, मग जेवणात बोलायचा. आता तर पाणी मागायचं असेल तर भांडं वाजवतो.

एक चूक सांगून ठेवते, कामाची आहे. तुझ्या गाण्यात सगळ्या बायका एकदम थांबतात. रडणाऱ्या बायका कधीच एकदम थांबत नाहीत. एक मागं राहतेच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: रडण्यातलं विचारायचं नसतं. तू ये, मग बघू.

आजी

*

मारुंजी, रविवार, २९ सप्टेंबर २०२४

निरंजना,

तू शुभांगीला एकच ओळ पाठवलीस, "आजीनं उत्तर दिलं नाही." मी टाळलं ते बरोबर ऐकलंस, पाठीला कान लागलेत तुझ्या.

परवा अहेवनवमी झाली. हौसा सवाष्ण गेली म्हणून तिच्या नावानं सवाष्ण जेवायला घातली. गंगूबाईची सून आली, पुरणाच्या सहा पोळ्या खाल्ल्या, हौसाचा आत्मा शांत झाला असेल तर तिच्याच पोटात. हैबतीला पानाला हात लावायला उठवलं. त्यानं पानाला नमस्कार केला आणि तसाच खाली बसला, उठवेना. मी आणि वरच्या पोरांनी उचलला. हलका झालाय.

आता खरं. सोमवारपासून तो यंत्रावर जात नाही. शुभांगी रडली, तिच्या नवऱ्यानं हात जोडले, डॉक्टरांनी दम भरला, असंच ठेवलं तर दोन आठवडे, फार तर तीन. हैबती म्हणाला, "बास झालं." इतकंच. मी म्हटलं, "कुणावर रुसून मरतोयस?" तर हसला. सहा वर्षांनी हसला, तेही कशावर बघ.

शुभांगी काल माझ्यावर ओरडली. "तू दादाला सांगून टाक ना, खोटं होतं म्हणून! खरं असो खोटं असो, तुझं काय जातंय? तो येईल तरी!" मी म्हटलं, "पोरी, मयतावर एकदा बोललेलं मागं घेता येतं का?" ती म्हणाली, "तुला तुझी कला मोठी का तुझा पोरगा?" बघ, तुझीच बहीण.

तर ऐक. त्या दिवशी हैबतीनं चावी शोधली. ते खरं आहे. घरभर शोधली. देवळीत, फडताळात, गाद्या उलट्या केल्या. तेव्हा मी चुलीपाशी होते. साठ माणसांचं मटण चुलीवर होतं. चावी

(दादा, आजी इथं थांबली ती थांबलीच. अर्धा तास झाला. चहा दिला तर बशीत ओतून तसाच ठेवला. आता म्हणते, एवढंच पाठव. पाठवते. तू कसलीही वाट बघू नको, ये. शुभांगी)

*

पौड, बुधवार, ९ ऑक्टोबर २०२४

निरंजना,

अक्षर दुसरं हाय, दचकू नगं. मी शुभांगीला दात दाखवायला जाते म्हनून सांगितलं आन् पौडाला आले. तोंडात चार दात हायेत, तरी तिनं इस्वास ठेवला. हितं कचेरीच्या भाईर इस्माईलभाई बसायचे अर्ज लिवायला, आता घरीच असत्यात. चाळीस वरसं लोकांच्या भानगडी लिवल्या, एक बी भाईर गेली न्हाई. मी म्हनलं, "भाई, मी बोलीन तसं लिवा, इस्त्री करू नगा." ते म्हनले, "आज्जी, अर्जाला इस्त्री केली की अर्ज खोटा वाटतो." शुभांगीच्या हातनं हे लिवता येत न्हाई. तिच्या आईचं हाय.

चावी माझ्या कनवटीला हुती.

लिवलं का, भाई? वाचून दावा. व्हय, तसंच.

जत्रेचा दुसरा दिस. हौसा रातभर कण्हत हुती. सकाळी मला म्हनली, "आत्या, मला दवाखान्यात न्या." मी म्हनलं ओवा खा, गरम पानी पी. मला वाटलं कामाला भ्याली. मी पाच येळा घरात बाळंत झाले, कोन डाक्टर नव्हता. तिचं दुखनं मला नखरा वाटला. दुपारी हैबती म्हनला, "आई, हिला हिंजवडीला नेऊन आनतो." गाडी दारात हुती, चावी खुंटीला. तो पाहुन्यांना पानी द्यायला वळला आन् मी चावी काढून कनवटीला खोचली. तो गेला असता तर त्याच्यासंगं शुभांगी गेली असती, तिच्या दोन जावा गेल्या असत्या, आन् साठ मानसांच्या भाकरी मी कुनाकडनं थापून घ्यायच्या? एक दिस निघू दे म्हनलं. जत्रा सरू दे, मंग न्या. तो दुसऱ्या दिसापतुर चावी हुडकीत हुता. मी बी त्याच्याबरुबर हुडकली. "बग की, कुटं ठिवलीस, येंधळ्या," असं म्हनत हुडकली. कुनाची दुसरी गाडी आनतो म्हनला तर मी म्हनलं, आता निजलीय, उटवू नगं. निजली नव्हती. बोलायचं सोडलं हुतं तिनं.

तिसऱ्या दिशी सांच्याला तिचे हात गार लागले तवा मी चावी दान्याच्या कनगीखाली "घावली" म्हनून त्याच्या हातात दिली. ती वाटंतच गेली.

मंग मी तिच्या उशाशी बसले. चार गावच्या बायका माझ्या तोंडाकडं बगत. हेल काढताना कुनाला तरी बोलावं लागतं, तशी रीत हाय. माझं नाव तोंडात आलं हुतं. शप्पत, आलं हुतं. तितनं हैबतीचं भाईर पडलं. दहा दिसांत इरून जाईल म्हनलं. इरलं असतं बी. तू त्याला वह्यांत घातलंस.

आता पुढचं.

काल हैबती जरा शुद्धीत हुता. मी दार लावलं आन् म्हनलं, "हैबती, चावी माझ्याकडं हुती."

तो म्हनला, "ठाव हाय."

"कवापास्नं?"

"हौसा गाडीत म्हनली. आत्याच्या कनवटीला बगितली म्हनली."

मी म्हनलं, "मंग सहा वरसं तोंड का शिवलंस?"

"तुला म्हातारपनी कुटं धाडू?"

"आन् पोरगं? पोरगं तुजं तोंड बगंना ते?"

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मंग म्हनला, "आई, त्याचं गानं चांगलं झालंय. त्याला नगं सांगू. मोडंल."

मी त्याचं ऐकत न्हाई. मी कंदी त्याचं ऐकलं? तू इच्यारलंस खोटं हुतं का. खोटं हुतं. आता दिलेला सबुद पाळ आन् ये.

इस्माईलभाई म्हनत्यात, "आज्जी, फोटो काढून मोबाईलवर धाडू का? आत्ता जाईल. टपालाला पंधरा दिस लागत्याल." मी नगं म्हनलं. मोबाईलात गेलेलं कुटं कुटं जातं ते मी बगितलंय. कागूद एकाच्याच हातात पडतो. ते म्हनले, "मानूस तेवढे दिस टिकंल का?" मी म्हनलं, टिकंल. माझा हाय, चिवट हाय.

खाली माझा अंगठा हाय.

साळूबाई

*

पौड, शनिवार, २६ ऑक्टोबर २०२४

निरंजना,

हैबती सोमवारी गेला. टिकला न्हाई. इस्माईलभाईंनी कागूद फुडं वडला, माझ्या तोंडाकडं बगितलं न्हाई. भला मानूस.

माझा कागूद तुला तवर पोचला नव्हता. शुभांगीनं तुला कळवलं, तुजं उत्तर आलं, "कळलं." येवढंच. तुला बोल लावीत न्हाई. तुला जे ठाव हुतं त्यावर तेवढंच येनार. दोनदा मीच उशीर केला, निरंजना. एकदा चावी दाबून, एकदा टपाल धरून. दोन्ही बारीला मला वाटलं, मला जास्त कळतं.

त्याला ओट्यावर ठिवला. बायका जमल्या. पैल्यासारक्या न्हाईत आता, वीस-बावीस. सुना उभ्याच ऱ्हात्यात, त्यांना येत न्हाई. वरची कंप्युटरची पोरं जिन्यात मोबाईल घेऊन. गंगूबाई माझ्या डाव्या अंगाला बसली आन् थांबली. सगळ्या थांबल्या. पोटच्या पोराचं मयत हाय, म्हातारी काय बोलती ते ऐकायला.

मी पदर तोंडाला लावला आन् बोलले. समदं बोलले. खुंटीची चावी, कनवट, चुलीवरचं मटण, कनगीखालची लबाडी. हौसा म्हनली आत्या मला न्या. माझं नाव घेतलं, एकदा न्हाई, सात-आठदा घेतलं. त्या चालीतच. "साळे गं, तू चावी न्हाई दिली." बायकांनी शेपूट धरलं, चावी न्हाई दिली, चावी न्हाई दिली. गंगूबाईचा आवाज त्यात समद्यांत मोठा. पन्नास वरसं तिनं माझं शेपूट धरलंय, ती काय बोल ऐकत न्हाई, चाल ऐकती.

मला वाटलं आता कोनतरी थांबंल. आता शुभांगी उटंल, माझ्या झिंज्या धरंल.

मी पदर खाली घेतला. बायका थांबल्या. गंगूबाईनं माझ्या पाठीवर हात ठिवला, "साळे, असं जिवाला लावून घिऊ नगं. आई म्हंजी आईच." शुभांगीनं मला छातीशी धरलं आन् म्हनली, "आजी, तू स्वतःला का दोष देतेस?" जिन्यातली ती ओडिशाची पोरगी डोळे पुशीत हुती. कुनाला तरी म्हनली, कितना प्यार था.

ऐकलंस? मी खोटं रडले तर गाव मानतं, जर्मनी मानती, माझ्या लेकाची इज्जत जाती. खरं रडले तर म्हनत्यात, बिचारी म्हातारी. येत्या बुधवारी त्याचा दहावा हाय. पिंडाला कावळा शिवला की हे बी इरून जाईल. रीतच हाय तशी. मीच तुला सांगितली.

शुभांगीला अजून सांगितलं न्हाई. हे दोन्ही कागूद तू तिला वाचून दाव. माझ्या तोंडचं ती मानायची न्हाई, तुज्या मानंल. मंग ती आली न्हाई तर न्हाई. भाजी वाळंल.

पन गाव तुजं गानं मानतं. शुभांगी म्हनली, जानेवारीत तू तुजा गोरा वृंद घिऊन पुण्याला येनार हायेस, समदं ठरलंय, आन् शेवटाला तेच गानं हाय. ते काढू नगं. हैबतीला आवडलं हुतं. तू पाठ करून उभा ऱ्हा, हात हलव, चाळीस मानसांकडनं म्हनून घे. टायरवाल्या पोरांना मी सोता गाडीत घालून आनते. मी तिसऱ्या रांगंत बसंन, हैबती बसला हुता तितं. फकस्त तेवढी एक वळ बदल. "हैबती रं, तुला चावी न्हाई घावली" हाय ना, तितं "साळे गं, तू चावी न्हाई दिली" असं घाल. हैबतीला तू ज्या जागी वर नेतोस तितंच साळेला ने. मी घरी दार लावून धा येळा म्हनून बगितलं. चालीत बसतंय.

साळूबाई, तिचा अंगठा